सेलूच्या बैठकीत तुम्ही हरलात, ताई

ताई, तुम्ही गेल्यावरच्या जलदानविधीला तुमच्या नालवाडीच्या घरासमोर चपला काढायला जागा उरली नव्हती. वंदना झाली, भंतेजी उठले आणि मग माणसं एकेक करून बोलायला लागली. हिंगणघाटकडच्या एका संस्थेचा सचिव बोलला, आर्वीकडच्या बालवाडीची बाई बोलली, देवळीकडच्या वाचनालयाचे म्हातारे अध्यक्ष काठी टेकत उठले आणि बोलले. प्रत्येकाचं म्हणणं एकच, की बैठकीत तोंड उघडायला आम्हाला ताईंनी शिकवलं.

सुजातानं, तुमच्या मुलीनं, माझ्याकडे पाहिलं. "मावशी, तुमी बोला ना दोन शब्द."

मी उभी राहिले, माइक हातात घेतला आणि मला काही बोलता आलं नाही. तुमच्याकडून सगळ्यात जास्त बोलायला मी शिकले, तुमच्याशी सगळ्यात जास्त वाद मीच घातला, आणि त्या दिवशी नुसता नमस्कार करून खाली बसले. म्हणून हे लिहिते आहे. लिहिताना मधे थांबलं तरी कोणी बघत नाही.

बोलले असते तर सेलूच्या त्या बैठकीचं बोलले असते. बाकीच्यांनी तुम्ही जिंकलात ते सांगितलं. तुम्ही हरलात ती गोष्ट आम्हा सात-आठ जणांनाच माहीत आहे, आणि तिच्याएवढी अभिमानाची गोष्ट माझ्या आयुष्यात दुसरी नाही.

पण ती सांगायची तर आपल्या पहिल्या भेटीपासून सांगावी लागेल. सेलूच्या समाजभवनात छोट्या संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी तुमचं दोन दिवसांचं शिबिर होतं. आमची संस्था म्हणजे मुलींचं वसतिगृह. बोर धरणाकडच्या, जंगलाला लागून असलेल्या गावांमध्ये सातवीनंतर शाळा नाही. तिथल्या पंचवीस-तीस मुली आमच्याकडे राहून शिकायच्या आणि मी त्यांची गृहप्रमुख. नाव मोठं होतं. काम म्हणजे भाजी निवडण्यापासून तापात कपाळावर पट्टी ठेवण्यापर्यंत सगळं. आमचे अध्यक्ष गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. संस्था त्यांनीच काढलेली. ते म्हणाले, "मंदा, जाऊन ये. जेवन चांगलं असते म्हनतात तिथं." एवढ्यासाठी मी आले होते.

तुमच्या शिबिरात पहिलं काम असायचं, ते म्हणजे आपल्या संस्थेबद्दल आपल्याला काय माहीत नाही ते कागदावर लिहायचं. मी कागद कोराच दिला. तुम्ही माझ्याजवळ येऊन बसलात. माझ्या पिशवीतून प्रोसिडिंगचं लांबट रजिस्टर डोकावत होतं, कारण शिबिर सुटल्यावर मला कार्यकारिणीच्या लोकांच्या घरी सह्या घ्यायला जायचं होतं. तुम्ही ते उघडून पाहिलं.

"ही मीटिंग कवा झाली?"

"झाली नाई जी. लिवली."

"आन् सह्या?"

"मी घरोघरी जाऊन घेते."

"कवापासून?"

"नोकरीले लागली तवापासून. सहा वर्सं झाली."

तुम्ही रागावला नाहीत. रजिस्टर मिटून माझ्या मांडीवर ठेवलंत. "सहा वर्सं तू हे घेऊन हिंडली. यातलं एक पान तरी वाचलं काय?" मी नाही म्हणाले. "मंग तुया कागदावर हेच लिव."

मी लिहिलं, 'आमच्या संस्थेत काय ठरतं ते मला माहीत नाही.' लिहिल्यावर स्वतःचीच लाज वाटली आणि तुमचा थोडा रागही आला.

तो राग मी दुसऱ्या दिवशी काढला. तुम्ही फळ्यावर 'क्षमताबांधणी' लिहिलं आणि शुद्ध मराठीत बोलायला लागलात. सुशासन, उत्तरदायित्व, सहभाग. अर्ध्या बाया पेंगत होत्या. मी हात वर केला. "ताई, बांध बांधतात, घर बांधतात, हे क्षमता कायनं बांधाची?" सगळं समाजभवन हसलं. तुमचा चेहरा पडला. मला वाटलं, आता आपल्याला बाहेर काढतात. तुम्ही फळा पुसलात, खडू ठेवलात आणि म्हणालात, "मी पुन्याले शिकाले गेलती. तिथले शब्द जसेच्या तसे घेऊन आली. मंदा, आता तू सांग, आपल्याकडं याले काय म्हनते?" मग तासभर आम्ही शब्द शोधत बसलो. त्यानंतरच्या बारा-तेरा वर्षांत तुमच्या तोंडून 'क्षमताबांधणी' मी ऐकलं नाही. माझ्यासारख्या बारावी झालेल्या बाईचं ऐकून आपली बोलायची पद्धत बदलणारी शिकवणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं तर त्यांना खरं वाटेना.

गुरुजींकडे तुम्ही आलात तेव्हा चहा मीच केला होता. कार्यकारिणीनं एक दिवस शिबिराला बसावं, एवढीच तुमची मागणी होती. गुरुजी खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "ताई, सेवा काही शिकवून येत नाई."

"सेवा तुमीच मले शिकवा जी. मी फक्त मीटिंग शिकवते."

गुरुजी हसले आणि फसले. एक दिवस दिला.

त्या दिवशी तुम्ही लावलेली अट अजून आमच्याकडे सांगितली जाते. गुरुजींनी एक तास काहीही बोलायचं नाही. गुरुजींनी घड्याळ काढून समोर ठेवलं. वीसेक मिनिटं कोणीच बोललं नाही, कारण त्यांच्याशिवाय बोलायची सवयच कोणाला नव्हती. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते, निवृत्त तलाठी पेनाचं टोपण काढत-लावत होते. मग कमलवहिनी बोलल्या. कार्यकारिणीत एक तरी बाई पाहिजे म्हणून गुरुजींनी शेजारच्या या वहिनींचं नाव घातलं होतं. त्यांना सही करण्यापलीकडे कोणी कधी काही विचारलं नव्हतं.

"पोरी बिमार पडल्या तर दवाखान्यात कोन नेते?"

डॉक्टरांना माहीत नव्हतं. तलाठ्यांना माहीत नव्हतं. सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं आणि गुरुजींना तर बोलायचं नव्हतं. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. "मी नेते जी," मी म्हणाले. "माया नवऱ्याच्या गाडीवर."

"आन् दोघी पडल्या तर?"

"एकीले ठेवते, दुसरीले नेते."

त्या दिवशी चहा तसाच थंड झाला. तास संपला. मग आमच्या संस्थेत खरोखर बसून केलेला पहिला ठराव झाला. कोणत्या ऑटोवाल्याला बोलवायचं, फोन कोणी करायचा, सोबत कोणी जायचं. त्याच वर्षी रोशनी नावाच्या पोरीला साप चावला. ऑटो दहा मिनिटांत दारात होता आणि पोरीचं डोकं मांडीवर घेऊन कमलवहिनी स्वतः आत बसल्या होत्या. पोरगी वाचली. गुरुजी दुसऱ्या दिवशी एसटीनं नालवाडीला तुमच्या घरी आले आणि म्हणाले, "ताई, पुढचं शिबिर कवा?" तुम्ही हे मला किती वेळा सांगितलंत आणि दर वेळी गुरुजींचा आवाज काढून दाखवलात.

आपलं भांडण झालं ते त्यानंतर. आमच्या घटनेत कर्मचाऱ्यांचा एक प्रतिनिधी कार्यकारिणीत घ्यायची सोय होती. ती कोणी वापरली नव्हती. तुम्ही ती शोधून काढलीत आणि माझं नाव पुढे केलंत, मला न विचारता. मी तुमच्या घरी येऊन तावातावानं बोलले होते.

"ताई, मी नोकर आहो त्यायची. त्यायच्याच बरोबरीनं खुर्चीत बसू काय?"

"नोकर आहेस म्हनूनच तुले जास्त माहीत."

"तुमी सांगून निंघून जाता. उद्या गुरुजीयनं काढलं मले, तर तुमी येता काय पोरींचा सैपाक कराले?"

मी चहा न घेता निघाले आणि तीन महिने फोन केला नाही. एका दुपारी तुम्ही हिंगणीला माझ्या दारात उभ्या. सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. तुम्ही त्यांच्याजवळ बसलात आणि सोलायला लागलात. दोन तास पाण्यापावसाचं, नातवंडांचं, वाघ गावापर्यंत आला त्याचं बोलणं झालं. माझ्या नावाचा विषय तुम्ही काढला नाही. बस धरायला निघालात तेव्हा फाट्यावर म्हणालात, "मी तुले न इचारता नाव देलं, हे चुकलं माझं. आता इचारते. करशील काय?"

मी हो म्हणाले. पण माझा मूळ प्रश्न तसाच राहिला, ताई. शिकवणारा बोलून जातो आणि परिणाम भोगायला शिकणारा मागे राहतो, याचं काय करायचं? त्यावर आपण नंतरही कितीदा बोललो. तुमचं उत्तर मला कधी पूर्ण पटलं नाही, आणि तुम्हालाही ते पटलेलं नव्हतं असं मला वाटतं.

आता त्या बैठकीचं सांगते.

स्वतःचं एक प्रशिक्षण केंद्र असावं, हे तुमचं जुनं स्वप्न. शाळांचे व्हरांडे आणि समाजभवनं मागून मागून तुम्ही थकला होता. लग्न निघालं की शिबिर रद्द. गडचिरोली-यवतमाळकडून येणाऱ्या बायांना राहायला जागा नाही. एकदा एका दानशूर माणसानं बांधून द्यायची तयारी दाखवली. त्याची अट एवढीच होती, की जागा सेलूत आणि रस्त्यावर हवी. तशी जागा आमच्याच संस्थेकडे होती. वसतिगृहाची. मुलींना वर्ध्याच्या वसतिगृहात हलवायचं आणि तिथे केंद्र उभं करायचं, हा प्रस्ताव गुरुजींनी स्वतः मांडला. ते तोवर तुमचे सगळ्यात मोठे भक्त झाले होते. तुम्ही मला आखलेल्या कागदावर काढलेला नकाशा दाखवलात. इथे बसायची जागा, इथे बायांच्या राहायच्या खोल्या, इथे लहान मुलांना झोपवायला झोळीचं कडं. "लेकुरवाळ्या बाया येतच नाई गं शिबिराले," तुम्ही म्हणालात, "झोळी बांधाले जागा असली की येतील." मी मान हलवली. माझ्या डोक्यात मुलींचा विचार होता, तो तुम्हाला दिसला नाही.

बैठकीच्या आदल्या आठवड्यात मी मुलींना विचारलं. मग त्यांच्या गावांना गेले. बहुतेक आईबापांनी एकच उत्तर दिलं. सेलूपर्यंत पाठवू, वर्ध्याला नाही. पोरगी घरी राहील. घरी राहील म्हणजे पुढे काय, ते तुम्हाला आणि मला दोघींनाही ठाऊक होतं.

तुम्ही निमंत्रित म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला होता, फिकट हिरवी साडी नेसून. गुरुजींनी प्रस्ताव वाचला. सगळ्यांचे चेहरे खुललेले होते. "मंग करा हात वर," गुरुजी म्हणाले.

कमलवहिनी म्हणाल्या, "थांबा जरा. पोरींले कोनी इचारलं काय?"

मी उभी राहिले. तुमच्याकडे पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं, म्हणून समोरच्या भिंतीकडे बघत बोलले. "मी इचारलं. गावाइले जाऊन आली. अर्ध्याच्या वर पोरी शाळा सोडतील. ताईचं केंद्र झालं पाह्यजे, पन या जागेवर नाई. मी इरोधात आहो."

हात वर झाले. तीन बाजूनं, तीन विरोधात. डॉक्टर आमच्याकडून होते, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. समान मतं पडली की अध्यक्षांचं मत निर्णायक, हे आम्हाला तुम्हीच शिकवलं होतं. गुरुजींनी तुमच्याकडे पाहिलं. एक इशारा, नुसती मान हलली असती तरी त्यांनी हात वर केला असता. ते त्यांनी मला पुढे सांगितलं. तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मांडीवरच्या हातांकडे बघत बसलात. गुरुजींनी प्रस्तावाचा कागद घडी करून ठेवला. मग म्हणाले, "पोरी इथंच राह्यतील."

तलाठी सवयीनं रजिस्टरमध्ये लिहायला लागले. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा बोललात. "सर्वानुमते लिवू नोका जी. तीन-तीन मतं पडली, अध्यक्षांच्या मतानं प्रस्ताव नामंजूर झाला, असं लिवा. कोन काय म्हनलं तेही लिवा."

बाहेर फाटकाजवळ तुम्ही माझा हात धरलात. मी रडत होते. तुम्ही नाही. "मंदे, आज तू मले पाडलं," तुम्ही म्हणालात आणि तुम्हाला हसू आलं. ते आवरेना. मग पिशवीतून गोरसपाकाचा, वर्ध्याच्या त्या गोड बिस्किटांचा, पुडा काढलात आणि आत जाऊन सगळ्यांना वाटलात, विरोधात हात वर करणाऱ्यांना आधी. कमलवहिनींना तुम्ही दोन दिलेत. जिचं केंद्र हुकलं त्या बाईनं स्वतःच्या हातानं वाटलेलं ते गोड खाताना डॉक्टर मला हळूच म्हणाले, "यायच्यासारखं हराले जमलं पाह्यजे."

तुम्हाला त्याचं दुःख झालं का, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. विचारायला धीर झाला नाही. जलदानविधीनंतर सुजाताला विचारलं. ती म्हणाली, "आई आली, पाय धुतले, पंख्याखाली बसली. मी इचारलं, काय झालं केंद्राचं? तर म्हने, केंद्राचं जाऊ दे, आज सेलूले मीटिंग झाली." मग सुजाता थांबली आणि म्हणाली, "नकाशाचा कागद मात्र फाडला नाई तिनं." ताई, ते ऐकून मला बरंही वाटलं आणि वाईटही वाटलं.

आपण दुसरी जागा शोधायला हवी होती. मी त्या बैठकीत 'या जागेवर नाई' म्हणाले होते, म्हणजे दुसऱ्या जागेचं काम माझ्यावर होतं. मी ते केलं नाही. वसतिगृहात गुंतले. तुम्ही व्हरांडे मागत फिरत राहिलात आणि कधी एका शब्दानं मला आठवण करून दिली नाही. तुमच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यात भेटायला आले तेव्हा हे सांगायचं ठरवून आले होते. तुम्ही मला बोलूच दिलं नाही. "रोशनीचा नर्सिंगचा निकाल लागला काय?" हेच विचारत राहिलात. लागला होता. ती आता नागपूरला काम करते. तुम्ही ते ऐकून डोळे मिटले आणि किती तरी वेळ हसत पडून राहिलात. मी क्षमा मागायला आले होते आणि आनंद वाटून परत गेले. ती क्षमा आता इथे मागते.

तुम्ही गेल्यावर आठव्या दिवशी पुलगावला तुमचं शिबिर ठरलेलं होतं. एका वृद्धाश्रमाच्या विश्वस्तांचं. त्यांचे अध्यक्ष फोनवर म्हणाले, "ताई गेल्या, आता रद्दच करू." मी म्हटलं, "करू नका. मी येते." तुमच्या हाताखाली मी किती तरी शिबिरं केली होती, पण एकटीनं कधी घेतलं नव्हतं.

नऊ विश्वस्त आले होते. चांगली माणसं होती, सणावाराला फळं पाठवणारी. दुपारपर्यंत सगळं गोड गोड चाललं. जेवणानंतर रजनीताई नावाच्या एक बाई बोलल्या. सकाळपासून त्या गप्प होत्या. अध्यक्षांकडे वळून म्हणाल्या, "साहेब, मी पाच वर्सं झाली विश्वस्त आहो. आश्रम मी आतून पाह्यला नाई. मीटिंग तुमच्या बंगल्यावर होते. मले एकदा आत नेऊन दाखवसान काय?"

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. मी काहीच बोलले नाही, ताई. खूप बोलावंसं वाटत होतं, पण बोलले नाही. मग तेच म्हणाले, "मीही दोन वर्सांत खोल्यांत गेलो नाई. चला, सगळेच जाऊ." आणि शिबिर अर्ध्यावर ठेवून आम्ही दहा जण निघालो. तुम्ही असता तर चालता चालता मला कोपरखळी मारली असती.

आत लांब खोलीत ओळीनं खाटा होत्या. एका खाटेवरच्या आजींनी चष्मा सारखा केला आणि रजनीताईंना विचारलं, "तू कोनाची वो बाई? कोनाले भेटाले आली?"

रजनीताई त्यांच्याकडे वाकल्या. मग म्हणाल्या, "तुमालेच भेटाले आली जी. मी इथली विश्वस्त आहो."

"म्हंजे काय करते?"

"तेच शिकून राह्यली."

आजींनी पाय आखडून घेतले आणि खाटेवर त्यांना बसायला जागा करून दिली.